होतकरू कथालेखकांशी चार शब्द
(सीमाभागातील एका ग्रामीण साहित्य संमेलनाच्या कथाविषयक सत्रात केलेले भाषण)



चळवळीच्या व्यासपीठावरून बोलण्याची आम्हांला सवय आहे, कथेच्या व्यासपीठावरून नाही. तरीही संयोजकांनी आम्हांला बोलावले, याचे कारण एकच असावे. संपादकाच्या टेबलावर वर्षानुवर्षे ज्या कथा येऊन पडतात, त्या आम्ही मुकाट्याने वाचतो. तेव्हा आजचे बोलणे पंडिताचे नव्हे, एका वाचकाचे आहे असे समजावे.

पहिली तक्रार आम्ही नेहमी ऐकतो ती अशी : ‘आम्ही पडलो कोपऱ्यात. पुण्या-मुंबईला असतो तर काही लिहून झाले असते.’ ही तक्रार ऐकली की आम्हांला जी. ए. कुलकर्णी आठवतात. 1923 साली आपल्याच बेळगाव जिल्ह्यातील एकसंबा येथे जन्मलेला हा माणूस बेळगावात शिकला आणि आयुष्याची कितीतरी वर्षे धारवाडच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत राहिला. सभासंमेलनांपासून तो चार हात दूर असे. मुंबईच्या संपादक-प्रकाशकांशी त्यांचा व्यवहार मुख्यतः पत्रांनीच चाले. ‘निळासावळा’ हा त्यांचा पहिला संग्रह 1959 साली निघाला, तेव्हा त्यांचे वय छत्तीस होते. म्हणजे धारवाड दूर नव्हते आणि छत्तिसावे वर्षही उशिराचे नव्हते. खांडेकर 1920 साली शिरोड्याच्या शाळेत मास्तर म्हणून गेले, तेथे अठरा वर्षे राहिले आणि तेथूनच महाराष्ट्रभर वाचले गेले. अण्णाभाऊ साठे यांना तर शाळाही धड लाभली नाही. त्यांची ‘फकिरा’ 1959 ची. अंतराची आणि शिक्षणाची सबब यापुढे कोणी सांगू नये, एवढीच विनंती.

आता खरा मुद्दा. आमच्याकडे येणाऱ्या दहा कथांपैकी निदान चार कथांत नायक मोर्च्यात सामील होतो, लाठी खातो, घोषणा देतो आणि कथा संपते. भावना शंभर नंबरी, यात शंका नाही. पण तो नायक सकाळी काय खाऊन निघाला, त्याच्या घरी कोण वाट पाहत होते, पगार कापला गेला तर दुकानदाराची उधारी कशी भागणार होती, याचा पत्ता नसतो. आम्ही हे अधिकाराने सांगतो, कारण हा गुन्हा आम्हीही केला आहे. विशीत असताना आम्ही एका सत्याग्रहीची कथा लिहून एका मासिकाकडे धाडली. ती परत आली. समासात संपादकांनी पेन्सिलीने विचारले होते, ‘याला आई नाही काय?’ आम्ही चिडलो, चार दिवस जेवण गोड लागले नाही. पाचव्या दिवशी ध्यानात आले की, खरेच, आमच्या त्या वीराला आई नव्हती, बहीण नव्हती, सायकलसुद्धा नव्हती. तो अग्रलेखाला धोतर नेसवून उभा केलेला माणूस होता. अग्रलेख लिहिण्यासाठी आम्ही येथे बसलो आहोत, ते काम कथेवर लादू नका.

मग लिहावे कशावर? अहो, डोळे उघडून वडगाव-शहापूरच्या गल्लीतून एक फेरी मारा. मागाची खटखट थांबलेल्या घरात म्हातारा विणकर दुपारचा वेळ कसा काढतो ते पाहा. उद्यमबागेतल्या फौंड्रीतून रात्रपाळी करून परतणारा पोरगा पाहा. जमिनीचा कन्नड उतारा हातात धरून, तो वाचून दाखवायला नातू कधी येईल याची वाट पाहणारा आजोबा पाहा. आणि तो नातू इंग्रजी शाळेत शिकणारा असेल, तर आजोबांचे पत्र त्यालाही धड वाचता येणार नाही! केवढी कथा येथे पडून आहे. सून धारवाडकडची, सासू मराठी आणि स्वयंपाकघरात दोघींची तिसरीच भाषा तयार झालेली, असे घर आपल्यापैकी कोणी पाहिले नाही? गडहिंग्लज भागातील राजन गवस यांनी जोगतिणी आणि जोगते यांच्या जिण्यावर ‘चौंडकं’ व ‘भंडारभोग’ या कादंबऱ्या लिहिल्या. सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणारे लोक आपण सारेच लहानपणापासून पाहत आलो. पाहणे सर्वांचे, लिहिणे त्यांचे.

भाषेविषयी एक सांगणे. निवेदन आपण शुद्ध मराठीत करा, हरकत नाही. पण ‘आलासा काय?’ असे विचारणाऱ्या आजीच्या तोंडी ‘आपले आगमन कधी झाले?’ घालू नका. उलट, प्रत्येक वाक्यात चार बोलीशब्द कोंबून गंमत करू नका; माणूस हास्यास्पद होतो आणि बोलीही. लिहिलेला संवाद मोठ्याने वाचावा. घरातल्या कोणी मान वर करून पाहिले, तर तो जमला.

अभ्यासाचा मार्ग विचाराल तर, एक कन्नड कथा घेऊन ती मराठीत उतरवून पाहा. कोणी भुवया उंचावतील. आमचे भांडण सक्तीशी आहे, भाषेशी नाही. जी. एं.नी कॉनरॅड रिक्टर या अमेरिकन लेखकाच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या. दुसऱ्याच्या वाक्याला आपल्या भाषेत उभे करताना आपल्या वाक्यांचे सांधे कोठे ढिले आहेत ते कळते.

काही किरकोळ पण उपयोगी गोष्टी. रोज एक तास ठरवा, तो पहाटेचा असो वा दुकान बंद केल्यानंतरचा. स्फूर्तीची वाट पाहणारे आमच्या पाहण्यात अजून वाटच पाहत आहेत. कथा पुरी झाली की पंधरा दिवस पेटीत ठेवा. नंतर पहिले पान काढून टाकून वाचा. राकसकोपच्या धुक्याचे ते वर्णन गेल्यावाचून बहुधा काही अडत नाही. दिवाळी अंकासाठी कथा पाठवायची तर पाऊस सुरू होताच पाठवा, गणपतीनंतर संपादकाला मजकूर नको असतो, जाहिराती हव्या असतात. (हे आमच्या व्यवस्थापकांनी ऐकले नाही असे धरून चालू.) नक्कल जवळ ठेवा. आठव्या दिवशी फोन करू नका. कथा परत आली तर ती दुसरीकडे पाठवण्यापूर्वी एकदा वाचा, रागाने का होईना.

संयोजकांनी आमच्याकडे आज पाच हस्तलिखिते दिली आहेत. त्यांतील एक आठवीत शिकणाऱ्या मुलीची आहे आणि तिच्या कथेत आई आहे, शेळी आहे, शेळी विकायला नेणारा बापही आहे. चहा झाल्यावर आपण तिचीच कथा प्रथम वाचू. ती स्वतः वाचेल. मागे बसलेल्या मंडळींनी पुढे यावे, कारण तिचा आवाज लहान आहे.