पहिलटकरीण आणि हिवताप



पहिलटकरीण हा आपल्या भाषेतला जुना शब्द. त्यात थोडे कौतुक आहे आणि बरीचशी काळजी. आमची आजी घरातल्या पहिलटकरणीला तिन्हीसांजेनंतर अंगणात बसू देत नसे. कारण विचारले तर ती भुताखेतांचे नाव सांगे. कारण चुकले होते खरे. पण हिवतापाचा डास अंधार पडू लागला की चावायला निघतो, हेही तितकेच खरे.

मी डॉक्टर नव्हे, कॉलेजात शिकवणारा माणूस. पण माझ्या थोरल्या बहिणीला पहिल्या खेपेला सातव्या महिन्यात थंडी वाजून ताप येऊ लागला, आणि पुढे मूल जन्मले ते जेमतेम पावणेदोन किलोचे. घरातले म्हणाले, 'आईचा ताप बाळाला बाधला.' तिच्या बाबतीत नेमके काय घडले ते आज कोण सांगणार? पण आईच्या हिवतापाने बाळ कसे सुकते, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात राहिला.

त्यासाठी आधी वार म्हणजे काय ते पाहू. बाळंतपणानंतर पडते तीच ही वार. आईचे रक्त आणि बाळाचे रक्त तिथे एकमेकांत मिसळत नाही. आईच्या रक्ताचे जणू तळे भरलेले असते, आणि बाळाकडचे बारीक तंतू, रोपाची मुळे पाण्यात सोडावीत तसे, त्यात बुडालेले असतात. अन्न आणि प्राणवायू त्या तंतूंतून बाळाकडे जातात.

आता गंमत पाहा. मुलाचा निम्मा वारसा बापाकडचा, म्हणजे आईच्या शरीराला परका. दुसऱ्याची कातडी लावली तर शरीर ती टाकून देते. मग हा परका जीव नऊ महिने कसा खपतो? हा प्रश्न पीटर मेडावर या शास्त्रज्ञांनी १९५३ साली मांडला. त्याची उकल अजून चालू आहे. पण एवढे कळले आहे की, गर्भाशयातल्या राखणदार पांढऱ्या पेशी तिथे वेगळ्या रीतीने वागतात. त्यांतल्या काहींना 'मारक पेशी' असे नाव आहे, पण इथे त्या मारत नाहीत. उलट वारेकडे येणाऱ्या रक्तवाहिन्या रुंद व्हायला मदत करतात. थोडक्यात, पोटात एक तह झालेला असतो.

हा तह हिवतापाने मोडतो. फॅल्सिपारम जातीचे जंतू तांबड्या पेशीत शिरतात आणि तिच्या पृष्ठभागावर चिकट प्रथिने उभी करतात. रक्त प्लीहेतून गेले तर अशी बिघडलेली पेशी गाळली जाते; म्हणून तिला वाटेतच कुठेतरी चिकटून राहायचे असते. मिखल फ्रीड आणि पॅट्रिक डफी यांनी पश्चिम केनियातल्या बाळंतिणींच्या वारा तपासल्या आणि १९९६ साली दाखवून दिले की, तिथल्या जंतूंनी भरलेल्या पेशी वारेतल्या एका विशिष्ट साखरयुक्त पदार्थाला चिकटतात. त्यामुळे बोटाच्या रक्तात जंतू फारसे दिसत नाहीत, बाईला तापही नसतो, आणि वार मात्र जंतूंनी भरलेली असते.

मग पांढऱ्या पेशी तिकडे धावतात. मोठ्या भक्षक पेशी वारेतल्या त्या तळ्यात गर्दी करतात, जंतू गिळतात आणि दाह वाढवणारी रसायने सोडतात. चोर उभ्या पिकात शिरला म्हणून सारा गाव काठ्या घेऊन आत घुसावा, तसे होते. चोर सापडो न सापडो, पीक तुडवले जाते. वारेतून अन्न नेण्याचे काम मंदावते, बाळाची वाढ खुंटते, कधी दिवस भरण्याआधीच प्रसूती होते. ज्या वारेत अशा पेशींची गर्दी जास्त, तिथे अडीच किलोहून कमी वजनाची बाळे अधिक आढळतात. म्हणजे नुकसान एकट्या जंतूचे नव्हे; आईच्या संरक्षणाचाही त्यात हात असतो.

पण पहिल्याच खेपेला का? केनियासारख्या भागात बाईला लहानपणापासून हिवताप येऊन गेलेला असतो, जंतूची पुष्कळशी रूपे तिच्या शरीराच्या ओळखीची असतात. वार मात्र पहिल्यांदाच तयार होते, आणि तिला चिकटणारे रूपही पहिल्यांदाच समोर येते. एकदोन बाळंतपणांनंतर त्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होतात आणि चिकटणे अडते. इथे एक सावधगिरी सांगायला हवी. महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत हिवताप इतका दाट नाही, त्यामुळे बायकांच्या अंगी तशी प्रतिकारशक्ती नसते. आपल्याकडे तिसऱ्या खेपेच्या बाईलाही तो तितकाच गंभीर होऊ शकतो.

आफ्रिकेतल्या पुष्कळ देशांत गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून ठरावीक अंतराने, ताप असो नसो, औषध देतात. आपल्याकडे तशी पद्धत नाही. आपल्याकडे भर आहे तो औषध लावलेल्या मच्छरदाणीवर आणि वेळेवर रक्त तपासण्यावर. राज्यातला बराचसा हिवताप गडचिरोलीच्या जंगलपट्टीतला, आणि त्यातही फॅल्सिपारम पुष्कळ. तिथल्या आशाताई बोटातून थेंबभर रक्त घेऊन गावातच चाचणी करतात.

शिक्षकबंधू-भगिनींना आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. हिवतापावरच्या औषधांत प्रायमाक्विन नावाची गोळी असते, ती गरोदर बाईला देत नाहीत. इतर औषधेही महिना पाहून ठरवावी लागतात. आता होते काय, की दोन महिने गेलेली सून संकोचाने कोणाला काही सांगत नाही, आणि रक्त घ्यायला आलेल्या माणसालाही नाही. तेव्हा तो विचारण्याआधीच सासूने किंवा नणंदेने त्याला बाजूला घेऊन तेवढे सांगून टाकावे.