काढा, गाठ आणि तपासणी

धानोऱ्याहून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय. गेल्या काही महिन्यांत बैठकीत एकच प्रश्न दोन-तीनदा आला. मोबाईलवर कुणीतरी पाठवलं होतं, ‘पळसाच्या फुलात कॅन्सर मारणारं औषध सापडलं.’ मग बायका विचारतात, काढा करून प्यायलो तर गाठ जाईल का? आज त्याबद्दलच बोलू.

होळीला आपण पळसाची फुलं उकळून रंग काढतो. त्या केशरी रंगात जी द्रव्यं असतात, त्यांना फ्लॅव्होनॉइड म्हणतात. कांद्यात, शेवग्याच्या पाल्यात आणि इतर कितीतरी झाडापाल्यांत ती वेगवेगळ्या रूपांत आहेत. काही फुलाफळांचा रंग त्यांच्यामुळे, आणि कडक उन्हापासून झाडाचं रक्षण करायलाही ती मदत करतात. प्रयोगशाळेत काचेच्या ताटलीत कॅन्सरच्या पेशी वाढवून त्यांवर यातली काही द्रव्यं टाकली, की पेशींची वाढ थांबते. हे खरं आहे. मोबाईलवरची बातमी इथूनच निघते.

पण ताटली आणि आपलं शरीर यात फरक आहे. चिमूटभर मीठ तांब्यातल्या पाण्यात लगेच कळतं, विहिरीत टाकलं तर कळेल का? आपण कांदा खातो तेव्हा त्यातलं थोडंच द्रव्य रक्तात उतरतं. तेही यकृत लगेच बदलून टाकतं आणि लघवीवाटे जातं. गाठीपर्यंत ताटलीतल्याइतकं पोहोचतच नाही.

आपल्याच महाराष्ट्रातली एक गोष्ट सांगतो. मुंबईत मुलुंडला हेक्स्ट कंपनीचं संशोधन केंद्र होतं. सह्याद्रीत वाढणाऱ्या डायसोक्झायलम जातीच्या एका झाडात रोहितुकीन नावाचं द्रव्य असतं. त्यावरून तिथल्या शास्त्रज्ञांनी फ्लॅव्होपिरिडॉल हे नवं द्रव्य घडवलं. तेही फ्लॅव्होनॉइडच्याच घराण्यातलं. १९९० च्या दशकात अमेरिकेत रुग्णांवर त्याच्या चाचण्या सुरू झाल्या. ते शिरेतून, मोजून द्यावं लागतं. रक्ताच्या कॅन्सरच्या काही रुग्णांना त्याचा गुण आला. पण कुणाला जोराचे जुलाब झाले, तर कुणाच्या कॅन्सरपेशी एकदम इतक्या मेल्या की मूत्रपिंडावर ताण आला. इतकी वर्षं झाली, तरी ते नेहमीचं औषध झालेलं नाही. झाडापासून औषधापर्यंतची वाट एवढी लांब असते. मग चुलीवरच्या पातेल्यात ती एका दिवसात कशी संपेल?

आपल्या भगतांना, वैदूंना झाडपाल्याची जाण आहे, हे आम्ही मानतो. अंबाडी, शेवगा, कांदा, तूर आपण खाऊच, ते चांगलं अन्न आहे. पण गाठ आहे आणि काढ्यावर सहा महिने काढले, तर ते सहा महिने गाठीला वाढायला मिळतात. कुणाचे कॅन्सरचे उपचार चालू असतील, तर काढा किंवा चूर्ण डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. झाडातली काही द्रव्यं औषधाचा असर कमी-जास्त करतात. घेत असाल तर लपवू नका, सांगा.

आता जे करून बायका वाचल्या, ते ऐका. मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९८ पासून टाटा रुग्णालयाने सुमारे ७५,००० बायकांसाठी दर दोन वर्षांनी तपासणी ठेवली. गर्भाशयाच्या तोंडाला व्हिनेगरसारखं पातळ औषध लावायचं आणि पांढरा डाग उठतो का ते बघायचं, एवढंच. बघणाऱ्या कोण? चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या, दहावीच्या आसपास शिकलेल्या बायका. त्या वस्त्यांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले.

तीस वर्षांपुढच्या बायकांसाठी सरकारी तपासणी आहे: तोंडाची, स्तनाची आणि गर्भाशयमुखाची. उपकेंद्रात किंवा आशाताईंना विचारा. छातीत गाठ लागली, मिशरी-तंबाखूने तोंडात आलेला चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही, पाळी गेल्यावर किंवा संबंधानंतर रक्त गेलं, तर तपासणीच्या दिवसाची वाट बघू नका. दुखत नाही म्हणून थांबू नका, सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही.

बायका म्हणतात, ताई, जायचं खरं, पण भाडं कोण देणार, घरी काय सांगणार? म्हणून आमच्या गटांनी ठरवलंय, तपासणीला जाणारीला अंतर्गत कर्जातून भाड्याचे पैसे आधी द्यायचे आणि सोबत एक बाई पाठवायची. कर्जाच्या वहीत कारण फक्त ‘दवाखाना’ एवढंच लिहायचं. उपचार लागलेच तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात, त्यासाठी रेशनकार्ड आणि आधारकार्ड जवळ ठेवा.

येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले की तुमच्या गटातही विचारा, तीस वर्षांपुढच्या कितीजणींची तपासणी झाली? ज्यांची राहिली, त्यांची जाण्याची तारीख त्याच दिवशी ठरवा. रामराम.