आरशापासून आभासी स्वरयंत्रापर्यंत

१८५४ सालची गोष्ट. मान्युएल गार्सिया हा स्पॅनिश गायनशिक्षक तेव्हा पॅरिसमध्ये होता. गळे तयार करण्यात त्याची हयात चालली होती. परंतु गाताना गळ्यात नेमके काय घडते, हे त्याने पाहिले नव्हते. दंतवैद्याचा लहानसा आरसा त्याने घशात धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर सूर्यप्रकाश पाडला आणि स्वतःचेच स्वरतंतू उघडता-मिटताना पाहिले. त्याची निरीक्षणे १८५५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आली.

आरसा मात्र पृष्ठभाग तेवढा दाखवतो. शिवाय स्वरयंत्र ही एकदा घडून कायम राहणारी वस्तू नव्हे. तान्ह्या मुलाचे स्वरयंत्र मानेत उंचावर असते. वयाबरोबर ते खाली उतरते. मुलगा वयात आला की कंठमणी पुढे येतो, स्वरतंतू लांबतात आणि आवाज फुटतो. उतारवयात तेच तंतू कृश होतात, कूर्चांत चुना साठतो. या स्वाभाविक बदलांतून रोगाने घडवलेला बदल निवडून काढणे, ही वैद्याची खरी कसोटी होय.

ती चुकली तर मोल मोठे. १८७३ च्या अखेरीस व्हिएन्नात बिलरोथने कर्करोगाने ग्रासलेले स्वरयंत्र समूळ काढले. जीव राखण्यासाठी नैसर्गिक आवाज द्यावा लागला. किती काढावे आणि किती राखावे, हा प्रश्न आजही शस्त्रक्रियेपूर्वी उभा राहतो.

येथे आभासी वास्तवाचे तंत्र साहाय्याला येते. सीटी यंत्राने घेतलेले मानेचे पातळ छेद संगणक एकावर एक रचतो व त्यातून त्या विशिष्ट रुग्णाचे स्वरयंत्र उभे करतो. डोळ्यांवर उपकरण चढवले की शल्यविशारद जणू श्वासनलिकेत उभा राहून वर पाहू लागतो. मार्ग कोठे अरुंद झाला, गाठ कूर्चेला भिडली की अलीकडेच थांबली, हे तो सर्व बाजूंनी न्याहाळतो. विद्यार्थ्यालाही तोच अवयव कितीदा तरी सोडवून पुन्हा जोडता येतो.

तथापि ही प्रतिमा सहसा स्थिर असते. बोलताना पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला शंभराहून अधिक, तर स्त्रीचे सुमारे दोनशे वेळा कंप पावतात. तो कंप तीत दिसत नाही. म्हणून दुर्बीण आणि वैद्याचा कान यांची गरज उरतेच. आभासी चित्र गळ्याची घडण दाखवील. गळा जिवंत आहे, हे मात्र त्यातून उमटणारा स्वरच सांगतो.