बिनचिठ्ठीचा निरोप
(शिक्षक संमेलनातील भाषण)



या गणिताचा पुढे उपयोग काय, हा प्रश्न मुले तोंडाने विचारीत नसली तरी त्यांच्या मुद्रेवर तो पुष्कळदा वाचावयास मिळतो. त्याचे उत्तर देणारी एक सत्य घटना आज आपणापुढे ठेवीत आहे.

दुसरे महायुद्ध चालू होते. १९४२ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश वायुदलाचे ब्यूफोर्ट जातीचे एक बाँबफेकी विमान नॉर्वेकडील कामगिरीवरून परतत असता शत्रूच्या माऱ्याने निकामी होऊन उत्तर समुद्रात पडले. विमानात चार माणसे होती. बिनतारी यंत्रावरून संकटाची सूचना गेली. परंतु आपले नेमके ठिकाण त्यांना कळविता आले नाही. ऐन हिवाळा, गोठविणारे पाणी, आणि किनारा शंभराहून अधिक मैल दूर.

त्या काळी अशा विमानांतून घराकडे परतणारी कबुतरे नेण्याचा प्रघात होता. यंत्र बंद पडल्यास पक्ष्याच्या पायाला चिठ्ठी बांधून त्यास सोडावयाचे, हा हेतू. या विमानातील विंकी नावाची मादी मात्र चिठ्ठीवाचूनच सुटली. तिची पिसे तेलाने माखली होती. तशा स्थितीत सुमारे १२० मैल उडून ती स्कॉटलंडमधील डंडी शहराजवळ, ब्रॉटी फेरी येथे, आपल्या मालकाच्या खुराड्यात येऊन पोचली.

मालकाने तिची दशा पाहिली आणि लूकर्स येथील वायुदलाच्या तळास वर्दी दिली. तेथील अधिकाऱ्यांनी विमान पडल्याची वेळ आणि पक्षी पोचल्याची वेळ यांमधील काळ काढला. वाऱ्याची दिशा लक्षात घेतली. तेलकट पिसांमुळे वेग किती घटला असेल, याचाही अजमास केला. या हिशेबाने शोधाचे क्षेत्र आकुंचित झाले आणि चौघेही जिवंत सापडले. पुढे २ डिसेंबर १९४३ रोजी प्राण्यांसाठी असलेले डिकिन पदक प्रथमच देण्यात आले, तेव्हा ते मिळविणाऱ्या तीन कबुतरांत विंकी होती.

बंधुभगिनींनो, ही गोष्ट मुलांना सांगताना केवळ पक्ष्याचा चमत्कार म्हणून सांगू नये. घराकडे परतणे हा त्या पक्ष्याचा धर्मच होय. तिच्याजवळ निरोप नव्हता. तो माणसांनी तिच्या पिसांवरून आणि घड्याळावरून वाचला. मालकाने तेल पुसून तिला नुसते दाणे टाकले असते, तर चौघांची वाट समुद्राने पाहिली असती.

वरच्या वर्गात यावर एक उदाहरण घालून पाहावे. यातील आकडे केवळ सरावासाठी कल्पिलेले आहेत. पक्षी ३ तासांनी घरी आला. ताशी ४० मैल वेग धरला, तर तो १२० मैलांवरून आला असे ठरेल. पिसे ओली असल्यामुळे वेग २५ मैल धरला, तर अंतर ७५ मैल होईल. फरक ४५ मैलांचा! पहिले उत्तर आकडेमोडीत बिनचूक असूनही होडी भलत्याच ठिकाणी जाईल. गुणाकार आला म्हणजे गणित आले, असे का म्हणू नये, हे मुलांना येथे आपोआप उमगेल.

नंतर त्यांना विचारावे : समोरून वारा असेल तर काय होईल? पक्षी वाटेत थांबला असेल तर? ज्या मुलाचा पाढा अडतो, त्यालाही या प्रश्नांची उत्तरे सुचतील. आणि आपणही गणितात बोलू शकतो, असा विश्वास त्याच्या ठायी येईल. तो विश्वास एकदा आला, की पाढा शिकविणे पुष्कळ सोपे जाते.

आपल्या वर्गातही काही निरोप चिठ्ठीवाचून येतात. नेहमी वेळेवर येणारी मुलगी आठवडाभर उशिरा येते. बोलका मुलगा अबोल होतो. हजेरीपत्रकात आपण वेळ आणि तारीख लिहितोच. ती लिहिताना चेहराही पाहावा, दोहोंचा मेळ घालावा आणि विलंब न लावता घरी चौकशी करावी, एवढीच माझी आपणा सर्वांस विनंती आहे.