लग्नघर आणि छायाचित्रकार

इसवी सन १८९२ मध्ये हैदराबाद शहरात एक निराळाच स्टुडिओ उघडण्यात आला. भोवती उंच भिंती, आत पुरुषांना मज्जाव आणि कॅमेऱ्यामागे केनी-लेव्हिक नावाच्या एक युरोपीय बाई. या ‘जनाना स्टुडिओ’चे मालक होते राजा दीनदयाळ. मीरतजवळच्या सरधना गावी १८४४ साली जन्मलेले हे गृहस्थ रुडकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले, इंदुरास बांधकाम खात्यात नोकरीला लागले आणि तेथेच त्यांना कॅमेऱ्याचे वेड जडले. पुढे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार म्हणून ते हैदराबादेत स्थिरावले. शिकारी, मेजवान्या, राजवाडे, बड्या पाहुण्यांच्या स्वाऱ्या हे सारे त्यांनी काचेवर उतरविले आणि निजामांकडून ‘मुसव्विर जंग’ हा किताब मिळविला. परंतु त्या शहरातील घरंदाज स्त्रिया त्यांच्या कॅमेऱ्यापुढे येऊ शकत नव्हत्या. परपुरुषासमोर त्यांना बसविण्यास घरची माणसे राजी नसत. दीनदयाळांनी यावर कोणाशी वाद घातला नाही. स्त्रियांसाठी स्त्रियांनीच चालवावी अशी जागा उभी करून ते मोकळे झाले.

आपल्या लग्नाच्या छायाचित्रांची योजना करणाऱ्या वधूवरांनी या हकीकतीपासून आरंभ करावा. चित्र स्वच्छ येणे हा छायाचित्रकाराच्या कौशल्याचा भाग आहे. पण चित्रात कोण येणार आणि कोणासमोर कोण मोकळेपणाने उभे राहणार, हे लग्नघरानेच ठरवावयाचे असते, आणि तेही मांडव पडण्यापूर्वी. हैदराबादेत निकाहाच्या समारंभात स्त्रियांच्या बाजूस स्त्री-छायाचित्रकारच हवी, असा आग्रह आजही अनेक कुटुंबे धरतात. मराठी घरांत पडदा नाही हे खरे. तरीही वधूची वेणीफणी चालली असताना एखादा अनोळखी तरुण कॅमेरा सरसावून खोलीत शिरला, की मावश्या-आत्या पदर सावरून गप्प बसतात. मग ज्या थट्टामस्करीसाठी ती खोली पुढे आठवायची, तीच चित्रातून नाहीशी होते. वधूच्या खोलीपुरती का होईना, एखादी स्त्री-छायाचित्रकार योजली तर हा संकोच टळतो.

दीनदयाळांच्या काळी प्रत्येक चित्राला काचेची एक स्वतंत्र तबकडी लागे. बंद जागेत उजेड अपुरा असला तर माणसांना काही काळ निश्चल बसावे लागे. त्यामुळे काय टिपावयाचे याचा निर्णय आधीच घेतलेला असे. पुढे फिल्मचे रोल आले. रुंद रोलमध्ये १२ चौकोनी चित्रे, लहान फिल्ममध्ये ३६. जुन्या मराठी घरांतील लग्नाचे आल्बम पाहावेत. वर खुर्चीवर बसलेला, मुंडावळ्या बांधलेली वधू शेजारी उभी, मागे दोन्हीकडची वडीलमंडळी, पुढे सतरंजीवर पोरांची रांग. चेहरे थोडे गंभीर, कारण हलू नका म्हणून दटावलेले. चित्रे मोजकीच, पण त्यांतील प्रत्येक माणूस कोणीतरी विचार करून बोलाविलेला. आता एका दिवसात हजारो चित्रे निघतात आणि निवडीचे काम ‘मागाहून करू’ म्हणून लांबणीवर पडते. ते पुष्कळ घरांत कधीच होत नाही. मुलाच्या बारशापर्यंत आल्बम तयार न झाल्याची उदाहरणे शोधण्यास फार लांब जावे लागत नाही.

हैदराबादेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांपुढे आणखी एक प्रश्न असतो. पुण्या-नाशकाच्या छायाचित्रकाराला मराठी लग्नाचा क्रम पाठ असतो. सुलतान बाजार, काचीगुडा या भागांत मराठी वस्ती जुनी असली, तरी येथील छायाचित्रकाराचा हात बहुधा तेलुगू लग्नांवर बसलेला असतो. तेलुगू लग्नातही वधूवरांमध्ये पडदा धरतात; परंतु तेथे मुहूर्ताचा क्षण म्हणजे जिरे आणि गूळ यांचा गोळा परस्परांच्या मस्तकावर ठेवणे, ज्याला ‘जीलकर्र-बेल्लम’ म्हणतात. त्यानंतर मंगळसूत्राच्या तीन गाठी आणि मग हळदीचे तांदूळ एकमेकांवर ओंजळींनी ओतण्याचा तो आनंदी सोहळा. हे विधी काही वेळ चालतात; छायाचित्रकाराला जागा बदलण्यास, पुन्हा एकदा टिपण्यास अवसर मिळतो. मराठी लग्नात तसे नाही. मंगलाष्टके लांबतात, कोणी आत्या आपले रचलेले म्हणते, कोणी काका सूर हरवतात, छायाचित्रकार सैल पडतो. आणि नेमके त्याच वेळी शेवटचे ‘सावधान’ होऊन अंतरपाट उत्तरेकडे ओढला जातो. वधूवरांची पहिली दृष्टभेट आणि माळा घालणे दोन-चार क्षणांत उरकते. त्याच क्षणी वाजंत्री कडाडते, चहूकडून अक्षतांचा मारा होतो आणि सर्व मंडळी उभी राहते. ज्याला हे ठाऊक नाही, त्याच्या चित्रात पाठी, उंचावलेले हात आणि भिंगासमोरून उडणारे तांदूळ एवढेच येते.

म्हणून मुहूर्तापूर्वी आठ-दहा दिवस छायाचित्रकाराला घरी बोलावून चहा पाजावा आणि सीमांतपूजनापासून पाठवणीपर्यंतचा क्रम त्याला सांगावा. शक्य तर गुरुजींशीही त्याची गाठ घालून द्यावी. अंतरपाट कोणत्या बाजूस जाणार, मामा कोठे उभे राहणार, होमकुंड कोठे मांडणार, हे गुरुजींनाच ठाऊक असते. घर मराठी-तेलुगू असे मिश्र असेल, आणि हैदराबादेत तशी घरे पुष्कळ आहेत, तर दोन्ही विधींचा एकत्र क्रम कागदावर उतरवून त्याच्या हाती द्यावा. मुहूर्ताचा उजेडही याच बैठकीत बोलून घ्यावा. तेलुगू मुहूर्त पुष्कळदा रात्री किंवा पहाटे येतात, मराठी मुहूर्त बहुधा सकाळचा किंवा गोरजाचा. सूर्य मावळतीला असताना उघड्या अंगणात लावलेले लग्न आणि कार्यालयाच्या निळ्या-जांभळ्या दिव्यांखालचे लग्न यांची चित्रे एकसारखी यावयाची नाहीत. अष्टपुत्रीचा पिवळा रंग अशा रंगीत दिव्यांखाली हिरवट किंवा मळकट दिसू लागतो, आणि मग दोष छायाचित्रकाराच्या माथी येतो. विधीपुरते तरी पांढरे दिवे ठेवा, असे कार्यालयाच्या व्यवस्थापकाला सांगण्यास पैसे पडत नाहीत.

पाहुण्यांच्या हातातील मोबाइल हा या व्यवस्थेचा नवा शत्रू आहे. प्रत्येकास चित्र हवे असते आणि प्रत्येकजण एक पाऊल पुढे येतो. घरातील एखाद्या ठणठणीत आवाजाच्या मामांना किंवा मेहुण्यांना ‘दोन मिनिटे मागे राहा’ असे म्हणण्याचे काम नेमून द्यावे. वधूपित्याने ते करू नये. त्याला त्या दिवशी कोणालाही मागे सार म्हणणे जड जाते.

एक विधी मात्र हमखास हुकतो, आणि तो म्हणजे सप्तपदी. माळा पडल्या की लग्न लागले, अशी पाहुण्यांची समजूत. तेव्हा पंगतीची घाई सुरू होते, आणि छायाचित्रकारही माणूसच असल्यामुळे तोही पानावर जाऊन बसतो. इकडे रिकाम्या होत चाललेल्या मांडवात, होमाच्या धुरात, वधू सात पावले चालते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचे सातवे कलम सांगते की, ज्या घराच्या रूढीत सप्तपदी आहे तेथे सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण व बंधनकारक होतो. म्हणजे लग्नाचा जो कायदेशीर क्षण, नेमका तोच टिपलेला नसतो. विवाहनोंदणीच्या अर्जाला लग्नाचे छायाचित्र व निमंत्रणपत्रिका जोडण्याची पद्धत सर्वांस परिचित आहेच. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने तर स्पष्ट केले की, विधी झालेच नसतील तर नुसत्या नोंदणीच्या दाखल्याने हिंदू विवाह सिद्ध होत नाही. सुदैवाने बहुतेकांवर न्यायालयात जाण्याची वेळ येत नाही. पण ज्या वधूने ती सात पावले टाकली, तिला ती पुढे पाहावीशी वाटतील, एवढे कारण पुरेसे आहे. छायाचित्रकाराचे पान सप्तपदीनंतर वाढावे आणि तसे त्याला आधी सांगावे, म्हणजे तोही रागावणार नाही.

आता माणसांविषयी. वधूवरांनी निवांत बसून एक यादी करावी. मानपानाची नव्हे, ती वडीलमंडळी करतातच. ज्यांचा चेहरा वीस वर्षांनी आल्बमात शोधला जाईल, अशांची. जुन्या लग्नचित्रांत एक उणीव वारंवार जाणवते. जिने नातवंडांना अंगाखांद्यावर वाढविले ती विधवा आजी समूहचित्रात नसते. तिने स्वतःच मागे राहावे अशी रूढी होती; ती स्वयंपाकघराच्या दारातून अक्षता टाकी आणि आत वळे. कोणी तिला हाकलले नाही, कोणी बोलाविलेही नाही. पुढे तिचे चित्र हवे म्हणून कपाटे धुंडाळली जातात, तेव्हा एखाद्या ओळखपत्रावरचा धूसर मुखवटा तेवढा हाती लागतो. ही रूढी आज पुष्कळ सैल झाली असली, तरी ती वृद्ध स्त्रियांच्या अंगी अजून मुरलेली असते. ‘मला कशाला’ म्हणत त्या कोपरा धरतात. छायाचित्रकाराला त्या कोण हे कळणे अशक्य आहे. वधूने स्वतः उठून, हात धरून त्यांना आपल्या शेजारी आणले तरच त्या येतात. हे काम व्यासपीठावर अभिनंदनाची रांग लागल्यानंतर होत नाही. विधींच्या आधी, सकाळी, त्यांचे गुडघे दमण्यापूर्वी, खिडकीच्या उजेडात खुर्ची ठेवून ते उरकावे. फार तर पंधरा मिनिटे लागतात.

लग्नापूर्वी गोवळकोंड्यावर किंवा एखाद्या राजवाड्यात जाऊन वधूवरांची चित्रे काढून घेण्याची चाल अलीकडे पडली आहे. हौसेला मोल नाही. मात्र गोवळकोंडा हे पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणातील स्मारक आहे, आणि अशा ठिकाणी मोठा सरंजाम घेऊन जाण्यापूर्वी परवानगी व शुल्क यांची चौकशी करावी. नटूनथटून दरवाजातून परत फिरण्यासारखी खिन्नता दुसरी नाही.

व्यवहार लेखी असावा. किती माणसे येणार, किती वाजेपर्यंत थांबणार, ठरलेला छायाचित्रकार स्वतः येणार की हाताखालचा मुलगा पाठविणार, आल्बम किती दिवसांत, किती पानांचा, आणि मूळ चित्रे मिळणार की नाही, एवढे तरी कागदावर यावे. चित्रांवर हक्क कोणाचा, याबद्दल तर बहुतेकांचा गैरसमज असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या सतराव्या कलमाप्रमाणे, मोबदला देऊन कोणी छायाचित्र काढवून घेतले, तर उलट करार नसल्यास त्याचा पहिला हक्कदार काढवून घेणाराच असतो. मेख आहे ती ‘उलट करार नसल्यास’ या शब्दांत. छापील कराराच्या बारीक अक्षरांत हा हक्क छायाचित्रकाराकडे ठेवलेला असू शकतो आणि वधूचा चेहरा त्याच्या जाहिरातीत झळकू शकतो. काहींना त्याचे कौतुक वाटेल, काहींना मनस्ताप होईल. जनाना स्टुडिओच्या भिंती आता राहिल्या नाहीत; त्यांचे काम त्या एका ओळीला करावयाचे आहे, तेव्हा सही करण्यापूर्वी ती वाचावी आणि नको असेल तर खोडून घ्यावी.

शेवटचा प्रश्न जतनाचा. १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने दीनदयाळांच्या २,८५७ काचेच्या मूळ तबकड्या मिळविल्या. दीनदयाळ १९०५ साली वारले. म्हणजे त्यांच्या पश्चात आठ दशकांहून अधिक काळ त्या नाजूक काचा टिकून राहिल्या. आजच्या लग्नाची चित्रे बहुधा एका लहानशा डबीत असतात आणि ती डबी एक दिवस उघडत नाही. तिच्या दोन प्रती कराव्यात आणि त्या दोन वेगळ्या घरांत ठेवाव्यात. एक माहेरी, एक सासरी, हे सोपे. त्यांतील ४०-५० चित्रे निवडून कागदावर छापून घ्यावीत. निवडीसाठी लग्नानंतरचा पहिला महिना बरा, कारण तेव्हा पाहण्याची हौस असते. चिकट पानांचे आल्बम टाळावेत. त्या गोंदाने चित्रे डागाळतात आणि सोडवू जाता फाटतात. कोपरे अडकविण्याच्या कागदी पानांत ती सुटी राहतात, उलटून पाहता येतात.

आणि उलट्या बाजूस मऊ पेन्सिलीने नावे लिहावीत. शाई पुढच्या बाजूस उमटते. नावे लिहिताना नुसते ‘आजी’, ‘काकू’ असे लिहून भागत नाही. कोणाची आजी, माहेरचे नाव काय, गाव कोणते, हे त्या स्वतः सांगू शकतात तोवर विचारून घ्यावे.