कॅमेऱ्यामागची साधना

(नागरिकांसाठी आयोजित व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित भाग)



बारावीचा निकाल लागला की मध्यमवर्गीय घरात जी चर्चा सुरू होते, तिची चाकोरी ठरलेली असते. अभियांत्रिकी, वैद्यकीय, सनदी लेखापाल, फार तर स्पर्धा परीक्षा. या चाकोरीबाहेरचे नाव मुलाने किंवा मुलीने उच्चारले आणि ते ‘चित्रपट व दूरचित्रवाणी निर्मिती’ असे असले, तर घरात क्षणभर शांतता पसरते. काही घरांत ती शांतता भीतीची असते. मूल त्या झगमगाटात वाहवत जाईल, हाती काही लागणार नाही, चार लोकांत काय सांगायचे, ही ती भीती. काही घरांत मात्र तिच्या जागी मोह असतो. आपले मूल पडद्यावर झळकेल, नाव होईल, गाडी-बंगला येईल, असे स्वप्न रंगू लागते. भीती आणि मोह या दोहोंचे मूळ एकच आहे. दोघांनाही पडद्यावरचा चेहरा तेवढा दिसतो. त्या चेहऱ्यावर प्रकाश टाकणारा, त्याचा श्वास ध्वनिमुद्रित करणारा, त्याच्यामागची भिंत रंगवणारा आणि शेवटी कात्री चालवणारा माणूस दिसत नाही. या विद्येचा विचार करायचा तर प्रथम त्या माणसाकडे पाहावे लागेल.

दादासाहेबांचे विद्यार्थीपण

भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा, १८७० सालचा. ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ३ मे १९१३ रोजी प्रदर्शित झाला, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु त्या दिवसाआधीचा त्यांचा अभ्यासक्रम फारसा कोणी सांगत नाही. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला, बडोद्याच्या कलाभवनात पुढील शिक्षण, मग छायाचित्रण, मग मुद्रणाचा व्यवसाय. चित्रपट काढण्याचे मनाने घेतले तेव्हा ते चाळिशीत होते. त्या वयात त्यांनी पुन्हा विद्यार्थी होणे पत्करले. आयुर्विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून १९१२ साली ते लंडनला गेले, सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत निर्मितीची प्रक्रिया डोळ्यांखालून घातली, कॅमेरा खरेदी केला आणि परत आले. भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसावा म्हणून त्यांनी कुंडीतल्या बीजाला अंकुर फुटून रोप कसे वाढते, ते थोड्या थोड्या अंतराने एकेक चित्र घेत टिपले. तो त्यांचा प्रात्यक्षिकाचा गृहपाठच म्हणावा. सरस्वतीबाई फाळके यांनी फिल्मला छिद्रे पाडणे, ती धुणे ही कामे शिकून घेतली आणि सर्व मंडळींचा स्वयंपाकही सांभाळला. भारतीय चित्रपटाची पहिली प्रयोगशाळा अशी एका मराठी घरात उभी राहिली. चित्रपट ही उडाणटप्पू मुलांची विद्या आहे असे मानणाऱ्यांनी एवढा इतिहास तरी लक्षात घ्यावा.

पुढचा अध्याय कोल्हापूरचा. कलामहर्षी बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत विष्णुपंत दामले, फत्तेलाल आणि व्ही. शांताराम या मंडळींनी पडेल ते काम करीत विद्या आत्मसात केली. १९२९ साली याच मंडळींनी अन्य सहकाऱ्यांसह ‘प्रभात’ उभारली आणि १९३३ मध्ये ती पुण्यास आणली. दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ १९३६ सालचा. दुसऱ्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. देहूच्या वाण्याची, इंद्रायणीची, अभंगाची ही कथा इटलीतील परीक्षकांना भिडली, कारण ती सांगणाऱ्यांना आपला विषय आणि आपले तंत्र दोन्ही पुरते अवगत होते. फत्तेलाल कलादिग्दर्शनात निष्णात, तर दामले ध्वनिमुद्रणात.

आंब्याच्या झाडाखालचा वर्ग

गुरूच्या हाताखाली राबून शिकण्याची ही परंपरा पुढे संस्थेच्या रूपाने कशी अवतरली, हे पाहण्यासारखे आहे. केंद्र शासनाने स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९५१ मध्ये चित्रपटशिक्षणासाठी स्वतंत्र संस्था असावी अशी शिफारस केली. १९६० साली पुण्यात ती स्थापन झाली आणि तिच्यासाठी जागा निवडली गेली ती बंद पडलेल्या ‘प्रभात’चीच. ज्या आवारात ‘तुकाराम’ घडला, तेथेच नव्या पिढीची पाठशाळा भरली. १९६४ मध्ये पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले. म्हणजे हाताशी कार्यशाळा आणि शेजारी ग्रंथालय, अशी सोय झाली. संस्थेच्या आवारातील आंब्याचे झाड विद्यार्थ्यांमध्ये ‘बोधिवृक्ष’ म्हणून ओळखले जाते. ऋत्विक घटक यांच्यासारख्या दिग्दर्शकाने साठच्या दशकात येथे अध्यापन केले. १९७१ मध्ये दिल्लीत सुरू झालेले दूरचित्रवाणी प्रशिक्षण केंद्र १९७४ मध्ये पुण्यात आले आणि संस्थेच्या नावात ‘टेलिव्हिजन’ हा शब्द जोडला गेला. एप्रिल २०२५ मध्ये या संस्थेला आणि तिच्या कोलकात्यातील भगिनी संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. दादासाहेबांना जे शिक्षण घेण्यासाठी विमा गहाण टाकून सातासमुद्रापार जावे लागले, ते आता आपल्या दाराशी विद्यापीठीय शिक्षण म्हणून उभे आहे.

काय शिकवले जाते?

पालकांचा पहिला प्रश्न असतो, ‘तेथे शिकवतात तरी काय?’ याचे उत्तर शोधायला परदेशी ग्रंथ उघडण्याची गरज नाही. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. त्यांपैकी आहार्यात वेशभूषा, रंगभूषा, अलंकार यांचा समावेश होतो. नाट्यगृहाची मापे आणि आकार यांसाठी स्वतंत्र अध्याय आहे. नाट्यमंडळीतील माणसांचे वर्णन करताना मुनी सूत्रधारापाशी थांबत नाहीत. माळा गुंफणारा, मुकुट घडवणारा, चित्रकार, वस्त्रे रंगवणारा अशा कारागिरांनाही त्यांनी ग्रंथात स्थान दिले आहे. आज चित्रपटाच्या शेवटी जी श्रेयनामावली सरकते, आणि जी सुरू होताच प्रेक्षक चप्पल शोधू लागतात, तिचे हे प्राचीन रूप होय.

विद्यापीठातील अभ्यासक्रम याच विभागणीचा आधुनिक अवतार आहे. पुण्याच्या संस्थेत पदवीनंतर प्रवेशपरीक्षा आणि मुलाखत यांतून विद्यार्थी निवडले जातात. चित्रपट विभागात दिग्दर्शन व पटकथालेखन, छायालेखन, संकलन, ध्वनी या तीन वर्षांच्या शाखा आहेत. कलादिग्दर्शन, अभिनय, पटकथा यांचे स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत. दूरचित्रवाणी विभागाचे अभ्यासक्रम एक वर्षाचे. विद्यार्थी आरंभी संवादाविना एखादी साधी क्रिया चित्रित करतो. माणूस दारातून आत आला, खुर्चीवर बसला, पाणी प्यायला, एवढेच. पण जोडलेल्या तुकड्यांत पेला उजव्या हातातून डाव्या हातात गेला, तर सारे फसते. प्रेक्षक ते जाणतो, मग त्याला कारण सांगता येवो वा न येवो. पुढे संवाद, मग ध्वनी, मग छोटी कथा आणि अखेरीस पदविकेचा चित्रपट. चित्रपटात सेकंदाला २४ चित्रे आणि आपल्याकडील दूरचित्रवाणीत २५, हे गणित पाठ करणे सोपे. त्यांपैकी कोणत्या चित्रावर कात्री चालवायची, हे कळायला वर्षे लागतात.

फिल्मच्या काळात ३५ मिलिमीटरचे हजार फुटांचे रीळ साधारण अकरा मिनिटांत संपे. ते महाग असे, म्हणून कळ दाबण्यापूर्वी दहा वेळा विचार होई. आज खिशातल्या फोनवर तासन्‌तास चित्रण करता येते. साधन स्वस्त झाले म्हणून विचार स्वस्त होऊ नये, हे शिकवण्यासाठीच आज शिक्षकाची अधिक आवश्यकता आहे.

आणखी एक गोष्ट येथे शिकायला मिळते, ती म्हणजे संघभाव. चित्रीकरणाच्या पहाटे प्रकाशयोजना करणारा वेळेवर आला नाही, तर चाळीस माणसांचा दिवस वाया जातो. दिग्दर्शकाच्या मुलाला आज ध्वनिशाखेच्या मित्राची गरज असते, उद्या त्या मित्राला याची. एकट्याने गुणपत्रिका मिळवण्याची सवय लागलेल्या आपल्या मुलांना हा संस्कार कोणत्या वर्गात मिळतो? रसूल पुकुट्टी हे याच संस्थेत ध्वनिमुद्रण शिकले आणि २००९ मध्ये ध्वनिमिश्रणासाठी ऑस्करचे मानकरी ठरले. त्यांचा चेहरा पडद्यावर नव्हता, त्यांचा कान होता.

कथा कुणाची?

तंत्र शिकवता येते. सांगण्यासारखे काही मनात असावे लागते, आणि ते घरातून, गावातून, भाषेतून येते. २०२४ सालच्या कान महोत्सवात विद्यार्थी चित्रपटांच्या स्पर्धेत जगभरातील ५५५ संस्थांकडून २,२६३ प्रवेशिका आल्या. निवडले गेले १८. पहिला क्रमांक मिळाला तो पुण्याच्या संस्थेतील चिदानंद नाईक यांना. ते मूळचे म्हैसूरचे वैद्यकीय पदवीधर आणि दूरचित्रवाणी विभागाच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमाचे विद्यार्थी. त्यांच्या सोळा मिनिटांच्या चित्रपटाची कथा कन्नड लोककथेतली: एक म्हातारी गावचा कोंबडा चोरते आणि गावावर सूर्य उगवेनासा होतो. आजीच्या तोंडून ऐकलेली असावी अशी गोष्ट! तिने फ्रान्समधील परीक्षकांना जिंकले.

असेच उदाहरण आपल्या मातीतही आहे. करमाळा तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला, तो अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) महाविद्यालयात संज्ञापन अभ्यासक्रम शिकत असताना. शाळेची ओढ असलेल्या वंचित मुलाची ती कथा राष्ट्रीय पुरस्काराची मानकरी ठरली. ना मुंबई, ना पुणे; जिल्ह्याच्या ठिकाणचे एक महाविद्यालय. त्या समाजाचे दुःख ज्याने जवळून पाहिले, त्याच्याच हाती कॅमेरा आला, म्हणून ते पडद्यावर खरे उतरले. आपल्या समाजाच्या कथा दुसऱ्या कोणी वाकड्या सांगितल्या, अशी तक्रार आपल्याकडे वारंवार ऐकू येते. त्या तक्रारीचे टिकाऊ उत्तर निषेधाच्या पत्रकात सापडत नाही. आपल्या घरातली मुले ही विद्या शिकली, तर ते सापडेल.

दूरचित्रवाणीचा विचारही याच अंगाने करावा. १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य आणि शिक्षणाचे कार्यक्रम पोहोचवण्याचा प्रयोग या देशाने केला. २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालेल्या मुंबई दूरदर्शनने ‘आमची माती, आमची माणसं’सारख्या कार्यक्रमातून शेतकऱ्याला पडद्यावर मानाचे स्थान दिले. हे माध्यम करमणुकीपलीकडे काय करू शकते, याचे हे दाखले आहेत. संस्था, रुग्णालये, शाळा, उद्योग या साऱ्यांना आज दृक्-श्राव्य निर्मिती करणारी माणसे लागतात.

निर्णयापूर्वी

तरीही डोळे मिटून उडी घेऊ नये. हा व्यवसाय अनिश्चिततेचा आहे. महिन्याच्या एक तारखेला पगार मिळेलच असे नाही, आणि आरंभीची काही वर्षे साहाय्यक म्हणून काढावी लागतात. हे घरात बसून, स्पष्ट बोलून, मुलाला समजावून द्यावे. शक्यतो आधी एक भक्कम पदवी घ्यावी. साहित्य, इतिहास, विज्ञान, कोणतीही. त्या तीन वर्षांत वाचन होते आणि निश्चयाची परीक्षाही होते.

संस्था निवडताना जाहिरातीतील ताऱ्यांची छायाचित्रे पाहू नयेत. तेथे जाऊन विचारावे: एका विद्यार्थ्याच्या वाट्याला कॅमेरा किती तास येतो? वर्षात प्रत्यक्ष किती सराव-चित्रपट करावे लागतात? पूर्णवेळ शिक्षक किती? मागच्या तुकडीतील मुले आज काय करतात? शेवटच्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, तर शुल्काची पावती फाडू नये. अभ्यासक्रमाचे नावही नीट वाचावे. मुंबई विद्यापीठाने २००० साली जनसंज्ञापनाची पदवी सुरू केली. तिचा भर पत्रकारिता आणि जाहिरात यांवर होता. ‘मीडिया’ एवढा शब्द पाहून निर्मितीचे शिक्षण मिळेल असे गृहीत धरल्यास दोन वेगळ्या वाटांची गल्लत होते.

विद्यार्थ्यांना सांगणे एवढेच की, प्रवेशाची वाट पाहत बसू नका. आजोबांच्या शेतीच्या आठवणी, गावच्या जत्रेतला वाजंत्री, पिठाच्या गिरणीवरची रांग, हे आजच चित्रित करा आणि मित्रांना दाखवा. ते कंटाळले तर का कंटाळले, हे वहीत लिहून ठेवा. आणि पालकांनो, तुमच्या मुलाने केलेला तो पहिला, धडपणे न जमलेला पाच मिनिटांचा चित्रपट शेवटच्या नावापर्यंत बसून पाहा. मुलाला मिळणारा पहिला प्रेक्षक घरचा असला आणि तो प्रामाणिकपणे बोलणारा असला, की पुढचे शिक्षण त्याला जड जात नाही.