दादाची गाडी आणि पाव मैल

भिलाईहून बोलतोय. आयुष्यातली बरीच वर्षं फौजेच्या ईएमई कोरमध्ये, म्हणजे गाड्या आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात काढली. त्यामुळे घरात कुणाच्या गाडीचं काही बिघडलं की फोन मलाच येतो. गेल्या वर्षी असाच एक फोन अमेरिकेतून आला. पुतण्याचा.

म्हणाला, "काका, बाबांच्या कॉर्व्हेटचं मागचं सस्पेन्शन काढतोय. ड्रॅग रेससाठी सॉलिड अ‍ॅक्सल घालायचाय. फ्रेम थोडी कापावी लागेल."

दादा जाऊन चार वर्षं झाली. तिकडे नोकरीला गेल्यावर पैसे साठवून त्याने ही १९७४ सालची कॉर्व्हेट जुन्या बाजारातून घेतली होती. मी अमेरिकेला गेलो तेव्हा त्याने विमानतळावरून घरी त्याच गाडीतून नेलं. त्यामुळे 'फ्रेम कापावी लागेल' हे ऐकल्यावर माझा पहिला शब्द 'नाही' असाच होता. पण नुसतं 'नाही' म्हणून तरुण माणूस ऐकत नाही, कारण द्यावं लागतं. आणि कारण शोधायला बसलो तेव्हा लक्षात आलं की पोराचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही.

ड्रॅग रेस म्हणजे सरळ रेषेतली शर्यत, पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर. आपल्याकडेही लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झाल्या आहेत. या शर्यतीत वळण नाही, खड्डा नाही. सगळा खेळ पहिल्या काही मीटरांत मागची चाकं जमीन किती घट्ट धरतात याचा.

गाडी जोरात सुटली की तिचं वजन मागे जातं. हिशेब सोपा आहे. गाडी १,५०० किलोची, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५० सेंटिमीटर, दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर सुमारे २५० सेंटिमीटर. प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट धरला, तर १,५०० गुणिले ०.८ गुणिले ५० भागिले २५०. म्हणजे २४० किलो वजन पुढच्या चाकांवरून मागच्या चाकांवर येतं. शेपूट खाली बसतं.

कॉर्व्हेटमध्ये १९६३ पासून मागची दोन्ही चाकं स्वतंत्र आहेत. डिफरन्शियल फ्रेमला बांधलेलं, खाली आडवा पाटा, आणि दोन्ही बाजूंना हाफशाफ्ट. हे हाफशाफ्ट चाक फिरवतात आणि चाकाला वरून धरूनही ठेवतात. वळणावळणाच्या रस्त्यावर ही रचना फार छान. पण शेपूट बसलं की चाकांचा वरचा भाग आत झुकतो, टायर आतल्या कडेवर उभा राहतो आणि रबर पुरतं टेकत नाही. शिवाय सगळा ताण युनिव्हर्सल जॉइंटवर येतो, आपले मिस्त्री ज्याला 'क्रॉस' म्हणतात. चिकट टायर आणि ताकदवान इंजिन असेल, तर क्रॉस तुटतो. आणि तुटला की नुसती गाडी थांबत नाही, चाकाचा वरचा आधारच जातो.

म्हणून ड्रॅगवाले सॉलिड अ‍ॅक्सल घालतात. गंमत बघा, १९६२ पर्यंत कॉर्व्हेटला तोच होता. कारखान्याने काढलेली वस्तू हे लोक परत बसवतात. दोन्ही चाकं एकाच नळीत, त्यामुळे कायम ताठ. मग चार दांड्या. खालच्या दोन गाडीला पुढे ढकलतात, वरच्या दोन अ‍ॅक्सलला मागे पलटू देत नाहीत. बाजूने पाहिलं तर या दांड्यांच्या रेषा पुढे वाढवल्यावर एका बिंदूत मिळतात. तो बिंदू कुठे ठेवायचा ते ब्रॅकेटवरच्या भोकांनी ठरतं. तो नीट जमला की शेपूट बसायच्या ऐवजी टायर जमिनीत दाबले जातात. सगळी जादू या चार दांड्यांत आहे.

पण फुकट काही मिळत नाही. सॉलिड अ‍ॅक्सलमध्ये इंजिनच्या पिळाने उजवं मागचं चाक हलकं होतं, ते दांड्यांची लांबी कमीजास्त करून सावरावं लागतं. रस्त्यावर एका चाकाचा धक्का दुसऱ्याला बसतो.

आपल्याच देशातलं उदाहरण देतो. १९६१ साली मद्रासला स्टँडर्ड हेरल्ड बनू लागली. तिचीही मागची चाकं स्वतंत्र होती. विलायतेत तिचीच चासी आखूड करून स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार केली होती. पण आपले रस्ते आणि आपले मिस्त्री यांच्याशी त्या मागच्या चाकांचं जमलं नाही, म्हणून सत्तरच्या दशकात त्याच कंपनीने गॅझेल काढली, तिला अखंड अ‍ॅक्सल दिला. म्हणजे चांगलं सस्पेन्शन कोणतं, हा प्रश्नच अर्धा आहे. कशासाठी चांगलं, हे आधी विचारायचं.

आता माझी भीती सांगतो. तरुण कॅप्टन असताना डोंगरातल्या एका वर्कशॉपमध्ये होतो. ट्रकचा पाट्याचा ब्रॅकेट तुटला होता, घाई होती. मी पाट्याला लागूनच वेल्डिंग करायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी चढावर पाटा तुटला, नेमका वेल्डच्या शेजारी. ट्रक डोंगराच्या बाजूला गेला म्हणून वाचलो. ड्रायव्हरचा हात मोडला. हुकूम माझा होता, हात त्याचा मोडला. पाणी दिलेलं पोलाद पुन्हा तापलं की वेल्डच्या कडेला ठिसूळ होतं. भिलाईत राहणाऱ्यांना हे मी काय सांगायचं! पण तेव्हा मी भिलाईत नव्हतो.

पुतण्याला ही गोष्ट सांगितली आणि तीन प्रश्न विचारले. वर्षातून किती वेळा शर्यत? गाडी तिथपर्यंत चालवत नेणार की ट्रेलरवर? आणि उद्या मन बदललं तर गाडी पूर्वीसारखी होईल का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं त्याच्याकडे होती. तिसऱ्याला तो गप्प बसला.

तेवढ्यात मागून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, यांनी असते तर स्वतःच कापली असती. पण जुना भाग एकही फेकला नसता."

तिथेच मार्ग सापडला. कॉर्व्हेटचं शरीर फ्रेमवरून वेगळं उचलता येतं. पुतण्याने भंगारातून दुसरी फ्रेम आणली. कापाकापी, वेल्डिंग सगळं तिच्यावर. बॉडी फायबरग्लासची, म्हणून ती ठिणग्यांपासून दूर. प्रॉपेलर शाफ्टभोवती लोखंडी कडं बसवलं, म्हणजे शाफ्ट तुटला तरी जमिनीत रुतून गाडी उलटायची नाही. दादाची फ्रेम, आडवा पाटा, हाफशाफ्ट, सगळं चिठ्ठ्या लावून भिंतीशी ठेवलंय.

एका चिठ्ठीचा फोटो त्याने मला पाठवला. मोडक्या मराठीत लिहिलंय, 'बाबाचा डावा मागचा.'

तुमच्याकडेही बाबांची स्कूटर, आजोबांची जीप असेल. बदलायची तर जरूर बदला. पण कापण्याआधी तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा. जय हिंद.